स्टॉक एक्झॉस्ट काढायच्या आधी एकदा गाडीखाली नीट शिरून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल आहे, चार सिलेंडर, कंपनीचाच व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट, आणि तुला आता ३ इंची कॅटबॅक, म्हणजे मागचा सगळा एक्झॉस्ट नवीन, टाकायचाय, आवाजही पाहिजे आणि पॉवरही. त्यात एक मित्र सांगतो बॅकप्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमधला मागे रेटणारा दाब, गेलं की पिकअप मेला, दुसरा म्हणतो पाईप जितका मोठा तितका चांगला. आणि स्टॉक सिस्टीम म्हणजे कंपनीने पैसे वाचवायला लावलेला डबा, असं तू स्वतःच लिहिलंयस. मी बरीच वर्षं एक्झॉस्टचंच काम करतोय, किती कापले, किती वेल्ड केले, आणि कापलेले परत जोडूनही दिलेत, म्हणून कुठला ब्रँड घे ते मी आज सांगणारच नाहीये. आत्ता गाडीखाली जे लटकतंय त्यातला कुठला तुकडा काय काम करतो ते आधी बघ, कारण तुला जे पाहिजे ते कदाचित कॅटबॅकमध्ये नाहीचे.

इंजिनपासून मागे यायला सुरुवात कर. जुन्या गाड्यांना हेडच्या बाहेर मेनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा गॅस एकत्र आणणारा पाईपांचा जुडगा, दिसायचा, आता बऱ्याच टर्बो इंजिनांत तो हेडमध्येच ओतलेला असतो, फोक्सवॅगनच्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत तसंच आहे, त्यामुळे तिथे हेडर (बाजारातला मोकळा मेनिफोल्ड) बदलू वगैरे विचार सोडूनच द्यायचा. मग टर्बो, टर्बोच्या तोंडाला लागूनच डाउनपाईप आणि त्यात कॅट, म्हणजे विषारी गॅस साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काही गाड्यांत त्याच्यामागे काजळी अडवणारा पेट्रोलचा पार्टिक्युलेट फिल्टर, मग जाळीचा लवचिक फ्लेक्स, मधला रेझोनेटर म्हणजे ठराविक सूर दाबणारा डबा, ऍक्सलवरून वळसा घेऊन जाणारा पाईप, मागचा सायलेन्सर, व्हॉल्व्ह आणि शेवटी टिप. कॅटबॅक म्हणजे कॅटच्या मागचं सगळं, ऍक्सलबॅक म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर. आता या साखळीत गॅस सगळ्यात जास्त कुठे अडतो? तुझ्यासारख्या गाडीत बहुतेक वेळा पुढच्या एक मीटरमध्येच, म्हणजे टर्बोचं तोंड, डाउनपाईपचा पहिला वळसा आणि कॅट. मागचा भाग तुलनेने मोकळा असतो. तरी लोक पैसे मागच्या भागावर घालतात, कारण तो दिसतो आणि ऐकू येतो.

कॅटबद्दल थोडं जास्त सांगतो. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. कंपनीच्या कॅटमध्ये एका चौरस इंचात ४०० किंवा ६०० भोकं असतात, स्पोर्ट कॅट म्हणून जे विकतात त्यात साधारण २००. भोकं कमी म्हणजे वाट मोकळी, पण गॅसला चिकटायला पृष्ठभागही कमी. हा कॅट साधारण २५० ते ३०० अंशाला कामाला लागतो, त्याआधी तो थंड दगड. म्हणून तर कंपनी त्याला टर्बोच्या इतक्या जवळ चिकटवते, आणि म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी जास्त रेव्ह धरून गुरगुरते, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मुद्दाम उशिरा देऊन गरम गॅस मागे ढकलत असतो. लोकांना तो कोल्ड स्टार्टचा आवाज भारी आवडतो, पण तो आवाज एक्झॉस्टचा गुण नाही, कॅट तापवायची धडपड आहे. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बघायला आणि मागे एक, कॅट काम करतोय का ते बघायला. कॅट काढला किंवा स्वस्तातला बसवला की मागचा सेन्सर पी०४२० कोड टाकतो आणि चेक इंजिन लागते. फिल्टर असेल तर त्याच्या प्रेशर सेन्सरचाही कोड. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढायला बहुतेक देशांत कायद्याची परवानगी नाही आणि मीही ते काम घेत नाही, मागून चालणाऱ्याने तो वास का घ्यायचा?

आता बॅकप्रेशर. तुझ्या पहिल्या मित्राने जे बघितलंय ते खोटं नाही, त्याने कारण चुकीचं लावलंय. कुठल्याच इंजिनाला बॅकप्रेशर लागत नाही, जळलेला गॅस बाहेर ढकलायला जितका जोर लागतो तेवढी पॉवर वायाच जाते. पण टर्बो नसलेल्या इंजिनात काय होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपातून पळते, पाईप जिथे मोठा होतो किंवा चार पाईप एकत्र येतात तिथून ती उलटी होऊन, म्हणजे कमी दाबाची होऊन परत येते, आणि ती जर बरोबर वेळेला, दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असताना पोचली तर सिलेंडरमधला उरलासुरला गॅस ओढून काढते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर पळतो, ५०० अंशाच्या गॅसमध्ये तोच साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे पाईपाची लांबी आणि जाडी हे सगळं कुठल्यातरी ठराविक आरपीएमसाठी जुळवलेलं असतं. कोणी वाटेल तसा जाड हेडर बसवला की ते जुळणं मोडतं, गॅसचा वेगही पडतो, खालचा टॉर्क जातो, आणि माणूस म्हणतो बॅकप्रेशर गेलं. गेली ती लाटेची वेळ. तुझ्या गाडीत टर्बाइनच्या, म्हणजे गॅसने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या, मागे हा प्रकार जवळपास नाहीच. तिथे साधा हिशोब, टर्बाइनच्या अलीकडे दाब किती आणि पलीकडे किती, यांचं गुणोत्तर जितकं जास्त तितका टर्बो जोमाने फिरणार. समज अलीकडे २.५ बार आहे आणि पलीकडे १.३, गुणोत्तर झालं १.९. पलीकडचं १.१ वर आणलं तर झालं जवळपास २.३. म्हणून टर्बो गाडीत मोकळा एक्झॉस्ट खरंच उपयोगाचा.

पण इथेच एक मेख आहे आणि ती विकणारे सहसा सांगत नाहीत. आजकालचा ईसीयू टॉर्कचं टार्गेट धरून चालतो. तू मागून वाट मोकळी केलीस, टर्बो लवकर भरला, की ईसीयू वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वगळून गॅस बाजूने सोडणारी झडप, उघडून किंवा थ्रॉटल आवळून परत त्याच टार्गेटवर आणून ठेवतो. म्हणजे मॅप, ईसीयूमधली सेटिंग, न बदलता फक्त कॅटबॅक टाकला तर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) थोडा लवकर येतोय असं जाणवेल, पण वरची पॉवर जिथे होती तिथेच राहील, डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) एकाच गाडीच्या दोन रनमध्ये जेवढा फरक पडतो तेवढाच काय तो दिसेल. आणि उलटही होतं, वाट फारच मोकळी झाली आणि वेस्टगेट लहान असला तर जास्तीचा गॅस बाजूने काढायला तो पुरत नाही, बूस्ट आपोआप चढत जातो. त्यामुळे पॉवर पाहिजे असेल तर डाउनपाईप, चांगला स्पोर्ट कॅट आणि त्याला साजेसा मॅप हे एकत्रच विचारात घे, तेही तुमच्याकडचे नियम बघून. नुसता आवाज पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी आहे आणि स्वस्तातही होऊ शकते.

३ इंचाबद्दल. अडीचवरून तीनवर गेलास की क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, ऐकायला छान. पण तुझा स्टॉक पाईप अडीचच आहे का ते मोजलंस का? पाईपाभोवती दोरा गुंडाळ, लांबी मोज, ३.१४ ने भाग. बऱ्याच परफॉर्मन्स गाड्यांचा स्टॉक पाईपच ७० मिलिमीटर असतो, त्यावरून ७६ वर गेलं तर वाढ फक्त १८ टक्के. आणि मोजायचं ते सगळ्यात अरुंद जागी, ऍक्सलवरच्या वळणात, फ्लँजच्या, म्हणजे पाईप जोडायच्या बोल्टवाल्या चकतीच्या, आत, जिथे पाईप दाबून वाकवलाय तिथे. सरळ जागी पाईप मस्त जाड दिसतो आणि वळणात चेपलेला असतो असं कितीतरी वेळा बघितलंय, अगदी बाजारातल्या नवीन सिस्टीमलाही, म्हणून घेताना मॅन्ड्रेल बेंड (न चेपता वाकवलेला पाईप) आहे का ते हात फिरवून बघायचं. आणखी एक, गॅस मागे जाताना थंड होतो आणि आकसतो. टर्बोच्या मागे ८०० अंश असलेला गॅस सायलेन्सरपाशी ४०० वर आला तर त्याची जागा ६३ टक्क्यांवर येते. म्हणजे मागच्या पाईपला पुढच्याइतकं जाड असायची गरजच नाही. टिप किती मोठी आहे याचा तर याच्याशी काही संबंध नाही, ४ इंची टिपमध्ये टॉर्च मारून बघ, आत बोटभर जागा सोडून बारीक पाईप संपलेला दिसेल.

आता आवाज, आणि इथेच स्टॉक एक्झॉस्टला खरी दाद द्यावीशी वाटते. चार सिलेंडर, चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत दोन धमाके. २५०० आरपीएमला सेकंदाला ८३. हायवेवर टॉप गिअरमध्ये तू कुठे असतोस? साधारण तिथेच. आणि केबिनची लांबी दोन-सव्वादोन मीटर धरली तर तिच्यात ७५ ते ८५ हर्ट्झची लाट अगदी मापात बसते. म्हणजे इंजिन नेमकं त्याच सुरात ओरडतं ज्या सुरात तुझी केबिन घुमते. यालाच ड्रोन म्हणतात, तो मोठा आवाज नसतो, कानावर आणि छातीवर बसणारा दाब असतो, दोन तासांनी डोकं धरतं. स्टॉक सिस्टीममधला तो मधला रेझोनेटर, तो विचित्र आकाराचा मागचा डबा, कधी कधी कुठेच न जाणारा बंद पाईपाचा तुकडा, हे सगळं मुख्यतः याच पट्ट्यासाठी बसवलेलं असतं. होंडाच्या एफके८ सिव्हिक टाईप आरला मागे तीन टिप आहेत, मधली लहान, लोकांना वाटतं शोभेची आहे, पण क्रूझिंगचा घुमारा मारायला ती कामाला येते.

एक गाडी आली होती माझ्याकडे, सहा सिलेंडर, टर्बो नाही. मालकाने दुसरीकडे रेझोनेटर कापून तिथे सरळ पाईप टाकून घेतला होता, शहरात आवाज सुंदर येत होता, खरंच सुंदर. पण सहा सिलेंडरला २००० आरपीएम म्हणजे बरोबर १०० हर्ट्झ, आणि हायवेवर गाडी तासन्‌तास तिथेच चालायची. त्याच्या लहान मुलीने मागच्या सीटवर कानावर हात ठेवलेला फोटो त्याने मला दाखवला. जुना रेझोनेटर भंगारात गेला होता, मग त्याच मापाचा दुसरा शोधून परत वेल्ड केला. तेव्हापासून मी कोणाचाही स्टॉक तुकडा वाटेल तिथे कापत नाही, फ्लँज असेल तर तिथून खोलतो, नसेल तर नवीन सिस्टीम बसवताना क्लॅम्प येईल अशा जागीच कट घेतो आणि जुनं सगळं मालकाच्या हातात देतो.

आणि ड्रोन आलाच तर त्याला इलाजही आहे. पाईपाला बाजूने एक बंद टोकाची शाखा जोडायची, तिची लांबी लाटेच्या पाव भागाइतकी. ८३ हर्ट्झसाठी हिशोब केला तर सव्वा ते दीड मीटर येते. एकच आकडा का नाही, कारण बंद शाखेतला गॅस वाहत नाही, तो मुख्य पाईपापेक्षा थंड असतो, आणि थंड गॅसमध्ये आवाज हळू पळतो. त्यामुळे थोडी लांब ठेवून, गाडी चालवून, मग कमी करत जायचं. गाडीखाली दीड मीटर जागा शोधणं हे त्यातलं खरं काम.

पैसे घालायच्या आधी एक गोष्ट कर. तुझ्या गाडीला कंपनीचाच व्हॉल्व्ह आहे म्हणतोस. तो कधी उघडतो ते तुला माहितीये का? अशा गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह स्टार्टला उघडा असतो, मग ठराविक आरपीएम आणि लोडच्या खाली बंद, वर उघडा, आणि हे वेळापत्रक आवाजाच्या नियमांत बसावं म्हणून आखलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांचा नियम ५१ आहे, त्यात साध्या गाड्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने ७२ डेसिबलवरून ६८ वर आणलीये, ताकदवान गाड्यांना थोडी जास्त सूट. म्हणजे तुझ्या गाडीचा खरा आवाज कंपनीने बनवून ठेवलाय, फक्त झाकून ठेवलाय. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर बहुतेकदा व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं की तो उघडाच राहतो. मोटरवाला असेल तर असं करू नकोस, फॉल्ट कोड येईल, गाडीच्या मोडमधून उघडा ठेवता येतो का ते बघ. उघड्या व्हॉल्व्हवर मोकळ्या ठिकाणी एक आठवडा चालव, वस्तीत नको. माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी जण एवढ्यावरच खूश होऊन परत गेलेत.

आणि आवाज नेमका कुठून येतोय तेही तपासून घे. बीएमडब्ल्यूने एफ१० एम५ मध्ये इंजिनचा आवाज स्पीकरमधून दिला होता, गोल्फ जीटीआयमध्ये पुढच्या काचेच्या तळाशी थरथरणारं यंत्र बसवलेलं असायचं. तुझ्याही गाडीत असं काही असेल तर नवीन एक्झॉस्टचा आवाज आणि हा बनवलेला आवाज एकमेकांत मिसळून चिखल होतो, आधी तो बंद करून ऐक. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात तेही सायलेन्सरमुळे नाहीत, ईसीयू उशिरा स्पार्क देऊन थोडं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळतो त्याचे ते आवाज. मॅपमध्ये ते जास्त वाढवले तर मार कॅटलाच बसतो.

आता गाडी लिफ्टवर घे, थंड असताना. लोहचुंबक घेऊन जा. स्टॉक पाईप बहुतेक ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसचा असतो, चुंबक चिकटतो, वरून तांबूस गंज दिसतो पण तो कातडीवरचा, त्याला घाबरून बदलू नकोस. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, वळणाच्या जागी किंचित ओढला तर चालतं, वाकवल्यामुळे तसं होतं. खरा गंज आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, लांब पल्ल्याला ते वाफ होऊन जातं पण रोज पाच-दहा मिनिटं गाडी चालवणाऱ्याच्या सायलेन्सरमध्ये साचतं. म्हणून डब्याच्या तळाला बारीक भोक असतं, ते कंपनीनेच पाडलेलं असतं, कोणी लीक समजून वेल्ड करायला निघाला तर थांबव. सगळे फ्लँज बघ, काळी काजळी फुटलेली दिसली तर तिथे लीक आहे. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे लीक असेल तर दोन धमाक्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू वाढवत बसतो. अशा गाडीत नवीन एक्झॉस्ट टाकून काही सुधारणार नाही.

रबर हँगर कुठे, किती आणि कसे तिरके आहेत त्याचे फोटो काढून ठेव. तीन मीटरचा पाईप ४०० अंशाने तापला की ४०९ चा साधारण दीड सेंटीमीटर वाढतो आणि ३०४ चा दोन. म्हणजे स्टॉकच्या जागी ३०४ ची सिस्टीम अगदी बंपरला भिडवून बसवली तर तापल्यावर टिप बंपरला टेकणार आणि प्लास्टिक वितळणार. टायटॅनियमचं वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडंसं जास्त, वजन कमी करायचं असेल तर ते खरंच हलकं पडतं, पण त्याचा पातळ पत्रा आवाजाला एक पत्र्याचा खणखणाट देतो, तो तुला आवडतो का ते ऐकून ठरव. सायलेन्सर घेताना आत काय आहे तेही विचार. भोकं पाडलेली नळी आणि भोवती लोकर असेल तर पहिल्या दिवशी आवाज गोड येतो आणि लोकर जळत जाईल तसा वाढत जातो, म्हणून शोरूमच्या आवाजावर जाऊ नकोस, त्याच मॉडेलची दोन वर्षं चाललेली गाडी शोधून ऐक. कप्प्यांच्या डब्यात जळायला काही नसतं, आवाज वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण वाट तितकी मोकळी नसते.

मोजमाप आधीच करून ठेव, नंतर करायला काही उरत नाही. आवाज टिपपासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात, टिपच्याच उंचीवर फोन किंवा मीटर धरून घे. जास्तीत जास्त पॉवर ५००० ते ७५०० आरपीएमच्या मध्ये मिळणारी गाडी असेल तर नियमात ही चाचणी ३७५० आरपीएमला होते, तूही तिथेच घे. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, १० वाढले तर कानाला दुप्पट वाटतं, त्यामुळे जाहिरातीतले चार-पाच डेसिबल कमी समजू नकोस. केबिनमध्ये वेगळं रेकॉर्डिंग कर, टॉप गिअर, नेहमीचा स्पीड, काचा बंद, सोबत कोणी असेल तर फोन त्याच्या हातात दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाब. कॅटच्या मागच्या सेन्सरच्या जागी ऍडाप्टर लावून गेज जोड, डायनोवर फुल थ्रॉटलला रेडलाइनपर्यंत बघ. तो आकडा म्हणजे कॅटच्या मागची सगळी सिस्टीम मिळून किती अडवते ते. तिथे फारसा दाबच नसेल तर कॅटबॅकमधून पॉवर येणार कुठून? तिथे दाब भरपूर असेल तर तुझा ३ इंचाचा हट्ट बरोबर निघेल आणि मी स्वतः तुला बसवून देईन.

हा आकडा आणि केबिनमधलं रेकॉर्डिंग पाठव, मग कुठला तुकडा बदलायचा ते बोलू. आणि स्टॉक सिस्टीम निघालीच तर आतलं पाणी ओतून, एक दिवस उन्हात ठेवून, दोन्ही तोंडं कापडाने बांधून ठेव, गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना ती लागते. नट-बोल्ट त्याच पिशवीत टाक, गॅस्केट मात्र परत बसवताना नवीनच घ्यायचं.